विद्यापीठातली नोकरी सांभाळून उच्च शिक्षण प्रशासनात पीएच.डी. करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 41, विद्यापीठात कक्ष अधिकारी, एम.कॉम.ला 58 टक्के. उच्च शिक्षण प्रशासनात पीएच.डी. करायची आहे. पदोन्नतीला उपयोग होईल का, नोकरी सोडावी का, आणि अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो तशी ऑनलाइन करता येईल का?

नोकरी सोडू नका. बाकीचं नंतर.

मी 2017 ला नोंदणी केली तेव्हा सहायक कुलसचिव होते, वय 44. व्हायवा, म्हणजे प्रबंधावरची तोंडी परीक्षा, झाली 2023 मध्ये. या सहा वर्षांत पगारात एक रुपयाचा फरक पडला नाही आणि तो पडायचाही नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे कुलसचिवपदाचे निकष उघडून बघा. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के आणि 15 वर्षांचा प्रशासकीय अनुभव, त्यातली 8 वर्षं उपकुलसचिव किंवा समकक्ष पदावर. प्राध्यापकीतून येणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. पीएच.डी. ही अट कुठेच नाही. प्राचार्यपदाला पीएच.डी. लागते, पण तिथे अध्यापन-संशोधनाची 15 वर्षंही लागतात, ती तुमच्या-माझ्याकडे नाहीत. पदोन्नती हे एकमेव कारण असेल तर सहा वर्षांचे शनिवार-रविवार घरच्यांना द्या.

ऑनलाइनचं उत्तर एका ओळीचं. आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार आपल्याकडे दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. चालत नाही, आणि परदेशी संस्थांच्या नावाने ऑनलाइन पीएच.डी. विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहा, अशी जाहीर सूचना आयोगाने आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) त्याच वर्षी काढली होती. तुमचा भाऊ म्हणतो ती एड.डी., म्हणजे शिक्षणातली डॉक्टरेट, तिथे नोकरीत असलेल्यांसाठीच आखलेली पदवी आहे आणि तिथे तिला मान आहे. तुम्हाला राहायचंय इथे. (मानद डॉक्टरेटचे व्हॉट्सॲप मेसेज तुम्हालाही येत असतीलच. त्याबद्दल काही लिहीत नाही.)

आता विषयाचं. ‘उच्च शिक्षण प्रशासन’ नावाचा वेगळा विभाग आपल्या विद्यापीठांत सहसा सापडणार नाही. हा विषय शिक्षणशास्त्रात, व्यवस्थापनात नाहीतर लोकप्रशासनात घुसवावा लागतो. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्याने शिक्षणशास्त्र आंतरविद्याशाखीय अभ्यास विद्याशाखेत टाकलं आहे. माझं एम.ए. शिक्षणशास्त्रातलं होतं, म्हणून मी तिथे गेले. तुमचं एम.कॉम. आहे, तेव्हा तुम्हाला वाणिज्य व व्यवस्थापनातला गाईड शोधणं सोपं जाईल. फक्त या एकाच विषयाला वाहिलेली संस्था हवी असेल तर दिल्लीत श्री अरविंद मार्गावर नीपा ही शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची राष्ट्रीय संस्था आहे, 2006 पासून अभिमत विद्यापीठ. तिथे नोकरदार प्रशासकांना अर्धवेळ प्रवेश मिळतो, पण दिल्लीच्या फेऱ्यांचा हिशेब आधी मांडा.

अर्धवेळ प्रवेशासाठी कार्यालयाचं नाहरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप पाहता संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. तिसऱ्या वाक्यावर प्रत्येक टेबल अडतं. माझी नाहरकतीची नस्ती (फाइल) सात महिने फिरली. माझा विषय होता ‘संलग्नतेच्या प्रस्तावांना लागणारा विलंब’, म्हणजे महाविद्यालय विद्यापीठाशी जोडून घ्यायच्या प्रस्तावांना. ही नस्तीही नमुन्यात घ्यावी असं मी गाईडना सुचवलं. ते हसलेच नाहीत.

या विषयातली खरी अडचण मात्र नाहरकत नाही, ती पुढे येते. आपण ज्या कार्यालयात बसतो त्याचाच अभ्यास करतो. मी रीतीप्रमाणे प्रश्नावली केली, पाच बिंदूंची, ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’. चाळीस प्रती वाटल्या, चाळीसही परत आल्या. वाटलं, वा! उघडून बघते तर ‘प्रस्तावांचा निपटारा वेळेत होतो’ या विधानापुढे जवळपास सगळ्यांनी ‘पूर्णतः सहमत’वर टिक केलेली. एकाने तर खाली सही करून शिक्काही मारला होता. चूक त्यांची नव्हती. ज्या बाई आपला गोपनीय अहवाल लिहितात त्यांच्याच कागदावर कोण लिहील, की मॅडम, नस्ती तुमच्या टेबलावर थांबते? आपल्याकडचे बरेच प्रबंध अशाच टिकांच्या बेरजेवर उभे आहेत. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जाऊन दहा-बारा चाळा, निष्कर्षाच्या प्रकरणात ‘अधिक प्रशिक्षणाची गरज आहे’ हे वाक्य भेटल्याशिवाय राहणार नाही.

मी ते चाळीस कागद बाजूला ठेवले आणि आवक-जावक नोंदवह्या मागितल्या. हिरव्या कापडी बांधणीच्या, कोपरे झिजलेल्या. संलग्नतेचा प्रस्ताव आला कधी, स्थानीय चौकशी समिती नेमली कधी (महाविद्यालयांत तिला एलआयसी म्हणतात आणि नवीन माणूस हमखास विम्याचं समजतो), अहवाल कधी आला, विद्यापरिषदेपुढे कधी गेला. प्रत्येक नस्तीमागे सात-आठ तारखा. दोन वर्षं शनिवारी-रविवारी मी या तारखा एक्सेलमध्ये भरत होते. सगळ्यांचा समज होता की नस्ती वरच्या साहेबांकडे अडते. नोंदींत दिसलं ते वेगळंच. वरच्या टेबलावर ती दोन-तीन दिवस असायची. आठवडेच्या आठवडे जायचे ते टिपणीत ‘त्रुटीपूर्ततेसाठी महाविद्यालयास कळविण्यात यावे’ असं लिहिल्यानंतर, आणि ते पत्र प्रत्यक्ष जावकला पडेपर्यंत. त्या दिवसांत नस्ती कोणाच्याच टेबलावर नसायची. म्हणजे असायची कपाटावर, पण कोणाच्याही नावावर नसायची.

हे प्रश्नावलीत कधीच आलं नसतं, कारण ते कोणाला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं, आणि त्यातल्या कित्येक टिपण्या माझ्याच अक्षरातल्या होत्या. तुमच्या टेबलावर असा एखादा प्रश्न असेल, ज्याचं उत्तर सगळे ठणकावून सांगतात पण कोणी मोजलेलं नाही, तर पीएच.डी. करा.

मात्र नोंदवह्या रोज हाताखालून जातात एवढ्यावरून त्या संशोधनाला आपोआप वापरता येतात असं नाही. लेखी परवानगी घ्या, महाविद्यालयांची नावं काढून क्रमांक द्या, आणि निदान एक दुसरं विद्यापीठ नमुन्यात घ्या. दुसऱ्या विद्यापीठात मला कोणी ओळखत नव्हतं, त्यामुळे तिथल्या कारकुनांनी चहा पाजून खरं सांगितलं.

प्रवेशाचं सांगायचं तर 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवरही पीएच.डी.ला प्रवेश मिळतो, त्यामुळे विद्यापीठाच्या पेटची (पीएच.डी. प्रवेश परीक्षेची) जाहिरात येईल तेव्हा येईल असं बसू नका. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. वर्गात बी.एड. कॉलेजचे तरुण शिक्षक होते, मी सगळ्यांत मोठी. निकालाचे तक्ते वर्षानुवर्षं तपासून सही करणारी बाई प्रमाण विचलनाच्या तासाला खिडकीबाहेर बघत होती. किमान कालावधी 3 वर्षं, कमाल 6, त्यानंतर पुनर्नोंदणीने 2. नोकरी करून तीन वर्षांत होईल हे डोक्यातून काढा.

गाईड निवडताना नाव बघू नका, जागा बघा. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगीला 6, सहायकाला 4 विद्यार्थी घेता येतात आणि बहुतेक याद्या भरलेल्या असतात. निवृत्तीला किती वर्षं उरली हेही विचारा, लाजू नका. माझ्या एका मैत्रिणीने विचारलं नाही, आणि चौथ्या वर्षी तिला नवा गाईड शोधावा लागला.

प्रबंध मराठीत लिहायचा की इंग्रजीत, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण पडेल. मी मराठीत लिहिला. ‘नस्ती निकाली काढणे’ याचं इंग्रजी मला अजून सुचलेलं नाही.

व्हायवाला बहिःस्थ परीक्षकांनी शेवटी विचारलं, मग आता तुमच्या कार्यालयात काय बदललं? मी म्हटलं, नोंदवहीत एक रकाना वाढला: ‘सध्या कोणाकडे’. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

आणि हो, तुम्ही कुठल्या कक्षात आहात ते लिहिलं नाहीत. परीक्षा विभागात असाल तर कोर्सवर्क एप्रिल-मेमध्ये येत नाही ना, ते प्रवेश घेण्याआधी विचारून घ्या. त्या दोन महिन्यांत तुम्हाला कोणी कार्यमुक्त करणार नाही, नाहरकतीत काहीही लिहिलेलं असो.