शब्दच नाहीत, मग वाचायचं काय?

प्रश्न: माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्याला एकही शब्द नसलेलं चित्रांचं पुस्तक भेट मिळालंय. ते वाचून कसं दाखवायचं? रोज वेगळी गोष्ट सांगितली तर तो गोंधळेल का? यापेक्षा अक्षरओळखीचं पुस्तक आणलेलं बरं नाही का?

उत्तर:

तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. हेच वाक्य पाच वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या दिरांनी आमच्या पडवीत बसून मला ऐकवलं होतं.

आम्ही वेंगुर्ल्याजवळ, उभादांड्याला राहतो. लेक तेव्हा तुमच्या मुलाएवढीच होती. माझ्या मावसबहिणीने पुण्याहून तिच्यासाठी सुझी ली या कोरियन चित्रकर्तीचं ‘वेव्ह’ पाठवलं. २००८ सालचं आडवं पुस्तक. एक मुलगी, समुद्र, थोडे पक्षी. रंग म्हणाल तर कोळशाचा काळा आणि एक निळा, बस्स. भावोजी निवृत्त शिक्षक. त्यांनी ते मिनिटभरात उलटून पाहिलं आणि म्हणाले, “अगं, हे तर कोरंच आहे. याचे पैसे घेतात?” पुढच्या खेपेला अंकलिपी घेऊन आले. मोठे आहेत, मी गप्प बसले. तेव्हा बसले, ते चुकलंच.

संध्याकाळी लेकीने तेच पुस्तक आजोबांकडे नेलं. माझ्या सासऱ्यांचं आयुष्य रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढण्यात गेलं, शाळा दुसरीपर्यंत. चष्मा पुसून त्यांनी पहिलं पान पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ह्या चेडवाची आवस खय आसा?” पुस्तकात आई आहे, पण बरीच पानं ती दिसतच नाही. मी ते चार वेळा चाळलं होतं, माझ्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. मग लेक आणि आजो दोघं आई शोधायला लागले. पुढे मुलगी लाटेला वेडावून दाखवते तिथे सासरे सावरून बसले. “आता पाणी मागे ओढतला. पळ गो, पळ!” चित्रातल्या पोरीला ओरडत होते! लेक पडवीभर पळाली. शेवटी वाळूत शिंपले पडलेले दिसतात, त्यावर अडीच वर्षांची पोर म्हणाली, “ओहोटी इली.” तासभर चाललं हे. भाताला आधण ठेवायचं राहिलं.

त्या पुस्तकाची खुबी मला नंतर कळली. सुरुवातीला मुलगी कायम डाव्या पानावर आणि पाणी उजव्या. दोन पानांमधली शिवण म्हणजे किनाऱ्याची रेघ. मुलगी ती ओलांडते तिथे गोष्ट फिरते. लेक नेमकी त्या फटीत बोट घालून बसायची, मला वाटायचं पुस्तक फाडतेय.

तर, कसं दाखवायचं? तुम्ही कमी बोला. पान उलटायचं काम मुलाला द्या आणि थांबा. “हे काय आहे? रंग कुठला?” असं विचारत बसू नका, त्याची परीक्षा होते. “मग?” एवढं पुरतं. तो बोलला नाही तरी चालेल, बोटाने दाखवेल, त्याला तुम्ही शब्द द्या. घरी जी भाषा बोलता तीच बोला. गोंधळ वगैरे काही होत नाही. आमची आठवडाभर नुसत्या पक्ष्यांमागे होती, मुलीकडे बघायलाही तयार नाही. चित्रं तीच राहतात, मुलाचं लक्ष रोज नव्या जागी जातं. गोंधळ मोठ्यांचा होतो, कारण आपल्याला वाक्य दिसल्याशिवाय तोंड उघडायची सवय नसते.

आणि हे परदेशी फॅड आहे असं कुणी म्हणालं (आमच्याकडे म्हणाले), तर त्यांना कुडाळजवळ पिंगुळीला न्या. तिथल्या ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी समोर ठेवून एकेक चित्र उभं करतात आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने गाऊन कथा सांगतात. गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडात असते. ही कला टिकवली म्हणून परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. भावोजींचं घर तिथून जवळ, पण अंकलिपी मात्र लगेच सापडली. लांबचं उदाहरण हवं तर इटलीचं लाम्पेदुझा बेट घ्या. समुद्रातून आलेल्या निर्वासित मुलांची आणि तिथल्या मुलांची भाषा एक नाही, म्हणून २०१२ साली तिथल्या वाचनालयासाठी जगभरातून बिनशब्दांचीच पुस्तकं गोळा करायला सुरुवात झाली.

परवाच्या चतुर्थीला भावोजी आले तेव्हा लेकीने ते पुस्तक त्यांच्या मांडीवर टाकलं, “वाचा.” ते दोन पानं उलटून थांबले. ती वाट बघत उभी. मग तिनेच विचारलं, “काका, तुमका वाचूक येणा नाय?” मी आत मोदक वळत होते. हसू आवरायला तोंडात पदर धरावा लागला.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. अशा पुस्तकांनी अक्षरओळख होत नाही, त्यासाठी बडबडगीतं, यमकाची पुस्तकं, वेळ आली की अंकलिपीही हवीच. (ती अंकलिपी आम्ही वापरली, खोटं कशाला बोलू.) बिनशब्दांचं म्हणजे तान्ह्यांचं, असंही नाही, काही मोठ्या मुलांसाठीच असतात, आधी स्वतः पाहून घ्या. मूल अडीच वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल तर पुस्तकावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. पैसे घालायचे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर बिनशब्दांची पुस्तकं फुकट मिळतात, पण मोबाइलवर ती मजा नाही, छापून घ्या. आणि आमच्यासारखे किनाऱ्यावर राहत असाल तर पावसाळ्यात पुस्तक कपाटात बंद ठेवू नका, बुरशी धरते. आमच्या ‘वेव्ह’च्या आकाशात खरे ढग आलेत.

लेक आता दुसरीत आहे, नीट वाचते. माझ्या जावेची मुलगी अशी पुस्तकं न बघताही नीट वाचते, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते मी सांगत नाही. भावोजींना मात्र हे उत्तर कुणी पाठवणार असेल तर खुशाल पाठवा.