अंधेरीत अदानी की टाटा? शेजाऱ्याच्या बिलावरून ठरवू नका

तुम्ही विचारलंय, अंधेरीत तुमच्याकडे अदानीची वीज आहे, शेजारच्या सोसायटीत टाटाची, आणि त्यांचं बिल कमी येतं. तर तुम्हीही बदलावी का.

आधी त्या सोसायटीत केबल कोणाची आहे ते विचारा. केबल टाटाचीच असेल तर ते वहन आकारही (केबलमधून वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) टाटाच्या दराने भरतात. तुमच्याकडे केबल अदानीची राहून वीज तेवढी टाटाची आली (हाच चेंजओव्हर, उपनगरांत २००९ पासून चालू आहे), तर वीज आकार टाटाचा लागेल, वहन आकार मात्र अदानीचाच. दोन्ही घरं टाटाची, युनिटं सारखी, तरी बिलं वेगळी येतात ती यामुळे. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

आता तुमचं बिल घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चातला चढउतार), आणि या सगळ्यांवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन महिन्यागणिक वरखाली होतं, म्हणून एकाच महिन्याची दोन बिलं शेजारी ठेवून काही कळत नाही.

वीज आकाराचे स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ३२० युनिटं जळली तर पहिली १०० पहिल्या दराने, पुढची २०० दुसऱ्या, आणि फक्त शेवटची २० तिसऱ्या दराने. म्हणजे एसी थोडा कमी चालवून वाचणारी युनिटं ही सर्वात महागडी असतात. आणखी एक, रीडिंग ३४ दिवसांनी घेतलं तर स्लॅबची मर्यादाही त्या प्रमाणात वाढवून मिळायला हवी. बिलावर दिवस मोजून बघा.

तुलनेसाठी मागच्या १२ महिन्यांची युनिटं काढा. त्यातले तीन महिने पुरेत: सर्वात कमी वापराचा, मे, आणि एक मधला. वीज नियामक आयोगाच्या चालू दर आदेशातून दोन्ही कंपन्यांचे घरगुती दर घ्या, वहन आकार वर सांगितल्याप्रमाणे अदानीचा धरा, चेंजओव्हर ग्राहकांना वेगळा अधिभार आहे का तेही त्याच आदेशात पाहा, आणि तिन्ही महिन्यांची बिलं कागदावर मांडा. खालच्या स्लॅबला एक कंपनी स्वस्त आणि वरच्या स्लॅबला दुसरी, असंही होऊ शकतं. दर साधारण १ एप्रिलपासून बदलतात, तेव्हा गेल्या वर्षीचा तक्ता वापरू नका.

वारंवार वीज जाते म्हणून बदलत असाल, तर चेंजओव्हरने काही फरक पडणार नाही. केबल तीच, दुरुस्तीही केबलवाल्याकडेच. अर्ज करण्याआधी थकबाकी शून्य करा, नवीन सुरक्षा ठेवीचे पैसे बाजूला ठेवा, आणि मीटर बदलताना जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा. अंतिम बिलाचा वाद झाला तर तोच पुरावा.

बिल मुळातच जास्त वाटत असेल तर कंपनी बदलण्याआधी मीटर तपासा. मीटरवर ३२०० इंप/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मिनिटाला ३२ वेळा लुकलुकत असेल तर त्या क्षणी घरात ६०० वॅट चालू आहेत. आता फ्रिजसकट सगळं बंद करा, मेन स्विच चालूच ठेवा, आणि पाच मिनिटं बघत राहा. दिवा तरी लुकलुकत राहिला तर वायरिंगमध्ये गळती असेल किंवा दुसऱ्या कोणाचं कनेक्शन तुमच्या मीटरवर असेल. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.