किर्लोस्करवाडीच्या जागी आधी गाव होतं का? वस्ती कशी झाली?

गाव नव्हतंच. कुंडल रोड स्टेशनजवळचा उजाड माळ होता तो. निवडुंग, दगडधोंडे आणि नागसाप. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातली ही जागा दिली. १९१० साली मूठभर कामगार बायकापोरांसह येऊन राहिले. आधी निवडुंग तोडायचा, मग झोपड्या आणि शेड.

राखणीची गोष्ट तर भारीच. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्यांनाच लक्ष्मणरावांनी रखवालदार नेमलं! (आज कोणाची छाती होईल?) वसाहतीची व्यवस्था लक्ष्मणरावांचे भाऊ रामुअण्णा किर्लोस्कर बघायचे. कारखान्यातून लोखंडी नांगर निघायचे. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. आता हे सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात येतं.