राणीचा नवरा राजा का होत नाही?

मागच्या अंकात एका उत्तरात इंग्लंडच्या राजघराण्याबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या काय, आणि या महिन्यात निम्म्याहून जास्त पत्रं त्याच विषयावर. कोणाला राजा चार्ल्सच्या बायकोचं, कॅमिलाचं कोडं पडलंय, कोणाला राणी एलिझाबेथच्या नवऱ्याचं, फिलिपचं, एकाने तर आमची चूकच पकडलीय. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवतेय.

प्रश्न : ताई, राजाची बायको राणी होते हे कळतं, पण राणीचा नवरा राजा का नाही होत? एलिझाबेथचा नवरा शेवटपर्यंत प्रिन्सच राहिला. पुरुषांवर अन्याय नाही का हा?

अन्याय आहे खरा, पण मला विचाराल तर तो मुळात बायकांवरचा आहे आणि उलटून नवऱ्यांच्या अंगावर आलाय. कसं ते बघा. 'राणी' या शब्दाचे दोन अर्थ होतात, एक म्हणजे जी स्वतः गादीवर बसून राज्य करते ती, आणि दुसरी म्हणजे जिचा नवरा गादीवर बसलाय ती. इंग्रजीत तसंच, आपल्याकडेही तसंच. 'राजा'ला मात्र हा दुसरा अर्थच नाही, राजा म्हणजे राज्य करणारा, विषय संपला. त्यामुळे राणीच्या नवऱ्याला कोणी राजा म्हणायला लागलं की लोकांच्या मनात लगेच येणार की अरेच्चा मग खरा मालक हाच, बाई नुसती नावाला. ही भीती सगळीकडे होती आणि ती काही अगदीच खोटी नव्हती.

इंग्लंडमध्ये 1554 साली मेरी पहिलीने स्पेनच्या फिलिपशी लग्न केलं तेव्हा त्याला राजा म्हणायचं ठरलं, पण पार्लमेंटने कायदाच करून टाकला की हे फक्त लग्न टिकेल तोवर. 1558 मध्ये मेरी वारली आणि त्याचं इंग्लंडचं राजेपण तिथेच संपलं. पुढे अ‍ॅन राणी झाली तेव्हा तिचा नवरा, डेन्मार्कचा जॉर्ज, राजाबिजा काही झाला नाही, आधीचाच ड्यूक राहिला आणि त्याचीही काही तक्रार दिसत नाही.

मग आला व्हिक्टोरियाचा अल्बर्ट. 1840 मध्ये लग्न झालं, व्हिक्टोरियाला तर त्याला 'किंग कन्सॉर्ट' करायचं होतं (कन्सॉर्ट म्हणजे राज्य करणाऱ्याचा जोडीदार), पण मंत्री काही ऐकेनात. वर पार्लमेंटने त्याचा वर्षाचा भत्ता पन्नास हजार पौंडांवरून तीस हजारांवर आणला, म्हणजे जावईबापूंचं स्वागत कसं झालं ते समजून घ्या. सतरा वर्षं तो राणीचा नवरा म्हणून वावरला, तिची पत्रं वाचायचा, मसुदे लिहून द्यायचा, आणि पदवी मात्र जर्मनीतून आणलेलीच. शेवटी 1857 मध्ये राणीने पार्लमेंटची वाट न बघता स्वतःच्याच फर्मानाने त्याला 'प्रिन्स कन्सॉर्ट' केलं आणि जेमतेम साडेचार वर्षांत, डिसेंबर 1861 मध्ये, तो गेला.

आणि गंमत म्हणजे याच अल्बर्टचा सख्खा चुलतभाऊ फर्डिनांड पोर्तुगालमध्ये आरामात राजा झाला! तिथली पद्धत अशी की राज्य करणाऱ्या राणीला मूल झालं की नवरा राजा. 1837 च्या सप्टेंबरमध्ये मारिया दुसरीला मुलगा झाला आणि बाप झाल्या झाल्या साहेब फर्नांडो दुसरे झाले. घराणं एकच, फक्त सासर वेगळं.

प्रश्न : मग एलिझाबेथचा फिलिप 'प्रिन्स कन्सॉर्ट' होता ना? तुमच्या मागच्या अंकातही तसंच छापलंय.

छापलंय, आणि ते चुकलंय. कान पकडते. ती पदवी फिलिपला कधीच दिली गेली नाही.

त्याचा प्रवास जरा मजेशीर आहे. जन्माने तो ग्रीस आणि डेन्मार्कचा प्रिन्स, पण 1947 मध्ये ब्रिटिश नागरिक होताना ते सगळं सोडून नुसता लेफ्टनंट फिलिप माउंटबॅटन झाला. लग्नाच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी 'हिज रॉयल हायनेस' दिलं, लग्नाच्या दिवशी ड्यूक ऑफ एडिंबरा केलं, पण प्रिन्स काही केलं नाही. जग त्याला प्रिन्स फिलिप म्हणतच होतं, कागदावर मात्र तो प्रिन्स झाला 1957 च्या फेब्रुवारीत, म्हणजे बायको राणी होऊन पाच वर्षं झाल्यावर, आणि तेही तिच्याच फर्मानाने.

1953 च्या राज्याभिषेकाची फिल्म मिळाली तर तो भाग जरूर बघा. राजाच्या बायकोला राजाबरोबर मुकुट घालतात, राणीच्या नवऱ्याला काहीच नाही. फिलिप पायऱ्या चढून येतो, बायकोसमोर गुडघे टेकतो, आपले हात तिच्या हातात देऊन निष्ठेची शपथ घेतो, मग उठून तिच्या मुकुटाला हात लावतो आणि तिच्या डाव्या गालाचा मुका घेतो आणि मागे सरतो. नंतर सरदारांच्या प्रत्येक दर्जातला सर्वात ज्येष्ठ येऊन मुकुटाला हात लावतो, फक्त त्याला गालाऐवजी हात.

पण त्याला खरं लागलं ते आडनावाचं. 1952 मध्ये ठरलं की घराण्याचं नाव विंडसरच राहणार, तेव्हा तो म्हणाला म्हणे की या देशात पोरांना स्वतःचं नाव देता न येणारा मी एकटाच पुरुष, नुसता अमीबा आहे मी. 1960 मध्ये 'माउंटबॅटन-विंडसर' असं जोडनाव निघालं, तेव्हा कुठे जरा शांत झालं प्रकरण.

प्रश्न : कॅमिला आधी 'क्वीन कन्सॉर्ट' होती, आता बातम्यांत नुसतं 'क्वीन' म्हणतात. प्रमोशन झालं का? आणि तिने कोहिनूर घातला का?

प्रमोशन वगैरे काही नाही. इंग्लंडमध्ये राजाची बायको आपोआप राणी होते, त्याला ना कायदा लागतो ना फर्मान. 'कन्सॉर्ट' हे फक्त कुठल्या प्रकारची राणी ते सांगायला. 2005 मध्ये लग्नाच्या वेळी डायनाच्या आठवणीने लोक नाराज होते म्हणून जाहीर केलं होतं की चार्ल्स राजा झाला तरी हिला 'प्रिन्सेस कन्सॉर्ट' म्हणायचा विचार आहे. मग 2022 च्या फेब्रुवारीत खुद्द एलिझाबेथनेच सांगितलं की माझ्या मागे कॅमिलाला 'क्वीन कन्सॉर्ट' म्हणावं ही माझी मनापासून इच्छा, आणि त्या वादावर पडदा पडला. सप्टेंबरमध्ये एलिझाबेथ वारली तेव्हा सुरुवातीला 'कन्सॉर्ट' लावत राहिले, म्हणजे नुकतीच गेलेली क्वीन आणि ही क्वीन यात गोंधळ नको, आणि मे 2023 च्या राज्याभिषेकाच्या आमंत्रणपत्रिकेवर सरळ 'क्वीन कॅमिला' आलं.

कोहिनूर नाही घातला. तो 1937 मध्ये एलिझाबेथच्या आईसाठी केलेल्या मुकुटात आहे आणि टॉवर ऑफ लंडनमध्येच राहिला. कॅमिलाने 1911 चा क्वीन मेरीचा मुकुट वापरला, त्यात कलिनन हिऱ्याचे तुकडे बसवले. शहाणपणा केला म्हणायचा.

प्रश्न : टायटल आणि स्टाइल यात फरक काय? मला दोन्ही एकच वाटतं.

टायटल म्हणजे पदवी, क्वीन, प्रिन्स, डचेस वगैरे. स्टाइल म्हणजे तुम्हाला हाक कशी मारायची ते, 'मॅजेस्टी', 'रॉयल हायनेस' वगैरे. पदवी असून संबोधन नाही असंही होतं आणि ते फार झोंबतं.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण वॉलिस सिम्प्सन. इंग्लंडच्या राजाला, आठव्या एडवर्डला, दोनदा घटस्फोट झालेल्या या बाईशी लग्न करायचं होतं, त्याने असंही सुचवून पाहिलं की लग्न होऊ द्या पण हिला राणी करू नका, दुसरी कुठलीतरी पदवी द्या. अशा लग्नाला मॉर्गनॅटिक लग्न म्हणतात. सरकारने तेही नाकारलं आणि डिसेंबर 1936 मध्ये त्याने गादी सोडली. पुढच्या जूनमध्ये फ्रान्समध्ये लग्न, आणि त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, 27 मे ला, धाकट्या भावाने म्हणजे नव्या राजाने फर्मान काढलं की 'रॉयल हायनेस' हे फक्त एडवर्डपुरतं, बायकोला नाही. म्हणजे वॉलिस डचेस ऑफ विंडसर झाली पण घराण्यातल्या बायकांनी तिच्यापुढे गुडघा वाकवायची गरज उरली नाही. तो माणूस राज्य सोडल्याचं दुःख पचवू शकला पण हे नाही, शेवटपर्यंत घरातल्या नोकरांना तिला 'युअर रॉयल हायनेस'च म्हणायला लावायचा.

डायनाचंही 1996 च्या घटस्फोटात तेच संबोधन गेलं, आणि ती 'डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स' झाली. नाव आधी, मग स्वल्पविराम, मग पदवी, ही घटस्फोटितेची लिहायची रीत. एका स्वल्पविरामात सगळा संसार!

प्रश्न : राजाची लग्नाची बायको असून राणी झाली नाही असं कोणी आहे का?

आहे, बेल्जियमची लिलियन. तिसरा लिओपोल्ड राजा, त्याची पहिली बायको अ‍ॅस्ट्रिड लोकांची फार लाडकी होती आणि 1935 मध्ये गाडीच्या अपघातात गेली. 1941 मध्ये देश जर्मनांच्या ताब्यात असताना राजाने लिलियनशी लग्न केलं. लोकांना ते अजिबात आवडलं नाही, आणि ती राहिली प्रिन्सेस, राणी कधीच नाही.

पण मला जास्त वाईट वाटतं ते कॅरोलाइनचं. ती कायद्याने राणी होती, तरी. इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जची ही बायको, दोघांचं लग्नापासून फाटलेलं, 1820 मध्ये तो राजा झाल्यावर त्याने पार्लमेंटमध्ये बिल आणलं की हिची पदवी काढा आणि लग्नही मोडा. लोक तिच्या बाजूने रस्त्यावर उतरले आणि बिल मागे घ्यावं लागलं. मग 19 जुलै 1821 ला राज्याभिषेक, तिला आमंत्रणच नाही. ती सकाळीच वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीला पोहोचली, एका दारावर गेली, बंद. दुसऱ्या दारावर गेली, तिथला माणूस म्हणतो तिकीट दाखवा. इंग्लंडच्या राणीला तिकीट विचारलं! शेवटी ती परत फिरली आणि तीन आठवड्यांच्या आत वारली.

प्रश्न : कुठल्या नवऱ्याने उघड बंड केलंय का?

डेन्मार्कच्या हेन्रिकने, आणि चांगलं गाजवून केलं. हा मूळचा फ्रेंच, 1967 मध्ये मार्ग्रेटशी लग्न झालं, 1972 मध्ये ती राणी झाली आणि हा प्रिन्स. त्याचा मुद्दा साधा, राजाची बायको राणी होते तर माझ्याच बाबतीत वेगळं का. 2002 मध्ये नववर्षाच्या समारंभाला राणीला बरं नव्हतं म्हणून यजमानपण त्याच्याऐवजी मुलाला दिलं, तेव्हा हा रुसून फ्रान्समधल्या आपल्या वाड्यावर निघून गेला, घरात मी तीन नंबर झालो म्हणून, आणि राणी आणि युवराज दोघांना समजूत काढायला तिकडे जावं लागलं. 2005 मध्ये 'प्रिन्स कन्सॉर्ट' मिळालं, त्यानेही समाधान नाही, 2016 मध्ये निवृत्त होताना तेही सोडून दिलं.

कळस झाला 2017 मध्ये. रोस्किल्डेच्या कॅथेड्रलमध्ये दोघांसाठी काचेची कबर करून घेतली होती, खाली चांदीच्या हत्तींची डोकी लावलेले खांब. ऑगस्टमध्ये राजवाड्याने जाहीर केलं की प्रिन्स म्हणतायत मला तिथे पुरायचं नाही, जिवंतपणी बरोबरी दिली नाही तर मेल्यावर शेजारी कशाला. पुढच्याच महिन्यात त्याला डिमेन्शिया असल्याचं सांगितलं गेलं, त्यामुळे या सगळ्याकडे हसून बघणं मला तरी जड जातं. फेब्रुवारी 2018 मध्ये तो गेला, अर्धी रक्षा डेन्मार्कच्या समुद्रात सोडली, अर्धी फ्रेडेन्सबोर्गच्या बागेत पुरली.

प्रश्न : युरोप सोडून इतर राजांचं काय?

तिथे तर आणखी वेगळंच. जॉर्डनमध्ये राजाची बायको आपोआप राणी होत नाही, राजा करतो तेव्हा होते. आताच्या राजाची स्वतःची आई मुना कधी राणी झालीच नाही, प्रिन्सेसच राहिली. त्याच्या बायकोला, रानियाला, मात्र नवरा गादीवर आल्यावर महिना-दीड महिन्यात, मार्च 1999 मध्ये ही पदवी मिळाली. थायलंडच्या राजाने 2019 मध्ये राज्याभिषेकाच्या तीन दिवस आधी सुथिदाशी लग्न करून तिला राणी केलं, आणि दोन-तीन महिन्यांत सिनीनात नावाच्या दुसऱ्या बाईंना राजसंगिनीची अधिकृत पदवी दिली, ऑक्टोबरमध्ये काढून घेतली, पुढच्या वर्षी परत दिली. जपानमध्ये गादी फक्त पुरुषांना, त्यामुळे नवऱ्याला काय म्हणायचं हा प्रश्नच सध्या नाही, सम्राटाची बायको कोगो आणि तिलाही नवऱ्याइतकंच 'हेइका' हे संबोधन.

मला सगळ्यात आवडते ती एस्वातिनीची पद्धत, जुनं नाव स्वाझीलँड. राजाला म्हणतात सिंह, आणि त्याच्या जोडीला असते हत्तीण, 'न्डलोवुकाती'. पण ही हत्तीण राजाची बायको नव्हे हं, आई! बायका अनेक असतात, पण राजाच्या बरोबरीचा मान आईचा.

प्रश्न : पुढे यात काही बदल होईल असं वाटतं का?

वेळ तर येणारच आहे, कारण स्वीडनची व्हिक्टोरिया, नेदरलँड्सची अमालिया, बेल्जियमची एलिझाबेथ, स्पेनची लिओनोर, सगळीकडे पुढचा नंबर मुलीचा. स्पेनने 1987 च्या फर्मानातच लिहून ठेवलंय की राजाची बायको राणी आणि 'मॅजेस्टी', राणीचा नवरा मात्र प्रिन्स आणि 'रॉयल हायनेस', त्यामुळे लिओनोरच्या होणाऱ्या नवऱ्याला आधीच कल्पना आहे. व्हिक्टोरियाचा नवरा डॅनियल पूर्वी जिम चालवायचा, 2010 मध्ये लग्न झालं आणि प्रिन्स झाला, आणि माझा अंदाज विचाराल तर बायको राणी झाली तरी तो प्रिन्सच राहील. त्याने अजून तरी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.