समुद्री चाचे खरंच खजिना पुरून त्याचा नकाशा काढून ठेवायचे का?

नाही, फुली मारलेला नकाशा आणि बेटावर पुरलेली पेटी ही जवळजवळ पूर्णपणे कादंबरीची देणगी आहे, मुख्यतः १८८३ साली पुस्तकरूपात आलेल्या स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ची. खऱ्या चाच्यांची लूट हाती आली की वाटली जायची आणि बंदरात उतरताच उडवली जायची. शिवाय तिच्यात सोन्यापेक्षा कापड, साखर, दोरखंड, शिडं असा मालच जास्त. तो पुरला तर कुजणारच. १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्ड नावाच्या चाच्याने अमेरिकेतलं चार्ल्सटन बंदर रोखून धरलं, लोकांना ओलीस ठेवलं, आणि मागितलं काय, तर औषधांची पेटी! मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते जहाजावरचे करार. १७२४ मध्ये लंडनला छापल्या गेलेल्या चाच्यांच्या चरित्रसंग्रहात बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजाची कलमं दिली आहेत: महत्त्वाच्या बाबतीत प्रत्येकाला मत, कप्तानाला दोन हिस्से, हात-पाय गमावणाऱ्याला ठरलेली भरपाई. (या संग्रहात रचलेला मजकूरही आहे, तेव्हा त्यातलं सगळंच खरं धरू नका.)

पुरलेल्या खजिन्याला एक ठळक अपवाद आहे, विल्यम किड. १६९८ मध्ये मलबार किनाऱ्याजवळ ‘क्वेदा मर्चंट’ हे मालाने भरलेलं जहाज पकडणारा हाच. १६९९ मध्ये त्याने न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर काही ऐवज पुरला, पण अधिकाऱ्यांनी तो लवकरच उकरून काढला. १७०१ मध्ये किडला लंडनमध्ये फाशी झाली.