गुंड्याभाऊला बोलावतं कोण?

प्रिय मनू,

परवा फोनवर चिं. वि. जोशींची चिमणरावांची गोष्ट वाचून दाखवत होते, तेव्हा तू मध्येच विचारलंस, "आई, हा गुंड्याभाऊ सदान्‌कदा यांच्याकडे कसा? याला कुणी बोलावलेलं असतं का?" दूध उतू चाललं होतं म्हणून "नंतर सांगते" म्हणून वेळ मारून नेली. आता सांगते.

कुणी बोलावलेलं नसतं. भाऊ आहे ना तो चिमणरावांचा! नात्यातल्या माणसाला आमंत्रण जायचं ते लग्नामुंजीचं. एरवी तो नुसता यायचा. आमच्या नाशिकच्या घरी बाबांचे चुलतभाऊ, म्हणजे आमचे नानाकाका, कॉलेजसाठी म्हणून आले. कॉलेज संपलं, नोकरी लागली, तरी त्यांची वळकटी आपली दाराआड उभीच. रॉकेलची रांग, माझी शाळेची फी, आजीला डॉक्टरकडे नेणं, सगळं त्यांच्या गळ्यात. कोण कुणाकडे राहतंय हे कुणी बोलूनही दाखवलं नाही. तुला मैत्रिणीकडे जायचं तर आधी वार-वेळ ठरवावी लागते, म्हणून हे अजब वाटतं. मला अजून तुमचंच अजब वाटतं.

चिं. वि. जोशींचा निम्मा विनोद या न विचारता येण्यातून सुरू होतो. चिमणराव पुण्यातले साधे कारकून, किडकिडीत आणि भित्रे. गुंड्याभाऊ धिप्पाड, हातात सोटा. तो आला की काहीतरी बेत शिजतो, आणि बेत शिजला की फजिती ठरलेली. ती सांगतात स्वतः चिमणराव, तेही अगदी गंभीरपणे, जणू कचेरीत अहवाल देताहेत. दुसऱ्याची टिंगल करायला त्यांना सवडच होत नाही. आणि हे लिहिणारा माणूस कोण, तर बडोद्याला पाली शिकवणारा प्राध्यापक! जन्म पुण्याचा, १८९२ चा. पण नोकरी परगावी. दूर राहून त्यांना पुण्यातलं ते घर इतकं बारकाव्यानं दिसत होतं, याचं मला इथे आल्यापासून नवल वाटत नाही. १९४० साली चिमणराव-गुंड्याभाऊंचाच 'लग्न पाहावे करून' सिनेमा आला, आणि पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची जोडी तुझ्या आजी-आजोबांनी डोक्यावर घेतली.

शाळेत असताना मी फक्त गुंड्याभाऊला हसत होते. आता वाचताना नजर चिमणरावांच्या बायकोवर, काऊवर जाते. हे दोघे मोहिमेवर निघाले की मुलांना, मोरू-मैनेला, जेवायला कोण वाढतं? नानाकाकांच्या जास्तीच्या पोळ्याही आईच लाटायची, उन्हाळ्यात, स्टोव्हसमोर, पदराने घाम पुसत. आणि ते येणार तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. काका राहिले याचा तिला आनंदच होता, असं ती आजही म्हणते. माझा त्यावर पुरता विश्वास नाही.

रविवारी पुढची गोष्ट घेऊ. नानाकाकांनाही फोनवर घेते. ते माझ्यापेक्षा छान वाचतात, प्रभावळकरांचा आवाज काढून. फक्त "तुम्ही नाशिकला इतकी वर्षं का राहिलात?" असं त्यांना विचारू नकोस.

किंवा विचारच. मलाही ऐकायचंय.

तुझी,
आई