वाचकांचे प्रश्न: आजीच्या ओव्या आणि आजोबांचे मोडी कागद

प्रश्न: माझे सासरे दोन वर्षांपूर्वी वारले. गावच्या घरी त्यांची एक पत्र्याची ट्रंक असून तीत मोडी लिपीतील जमिनीचे कागद, पत्रे व जुनी छायाचित्रे आहेत. ‘भावाभावांत वाटून टाकू,’ असे धाकटे दीर म्हणतात. सासूबाई नव्वदीला टेकल्या असल्या तरी जात्यावरच्या पुष्कळ ओव्या त्यांना अजून पाठ आहेत. मुलगा जर्मनीत स्थायिक झाला आहे. नातवंडांना मराठी समजते, पण वाचता येत नाही. हा ठेवा त्यांच्याकडे कसा सोपवावा?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: आपण ट्रंकेविषयी आधी आणि सासूबाईंविषयी नंतर लिहिले आहे, काम मात्र उलट्या क्रमाने हाती घ्यावे. कागद आणखी काही वर्षे थांबू शकतात, ओव्या थांबू शकत नाहीत.

ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल पुरेसा आहे. पंखा व दूरदर्शन संच तेवढा बंद ठेवावा. ‘ओवी म्हणा’ असे समोर बसून सांगितल्यास बहुतेक वृद्ध स्त्रियांना काही आठवत नाही, कारण ओवी हाताच्या कामाबरोबर येते. जाते अडगळीत असेल तर बाहेर काढावे, आणि त्यांच्या वयाची एखादी जाऊ किंवा शेजारीण सोबतीला बोलवावी. एकीची ओळ अडली की दुसरी ती पुरी करते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या असून त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आहेत. त्यांतील काही सासूबाईंना ऐकवल्यास त्यांच्या स्वतःच्या ओव्या वर येतील. प्रत्येक ओवीनंतर ती कोणाकडून शिकली, आईकडून की सासूकडून, आणि तीत आलेला भाऊ किंवा गाव कोणते, हे अवश्य विचारावे. ओवीचे शब्द अन्यत्रही सापडतील, ही माहिती मात्र त्यांच्यापाशीच आहे. आपल्याकडच्या वंशवृक्षांत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. सासूबाईंच्या आईचे, आजीचे व त्यांच्या माहेरगावांचे नाव याच बैठकीत नोंदवून घ्यावे.

आता ट्रंक. भांडी वाटता येतात, कागद वाटू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एका गठ्ठ्यातले पत्र, पावती आणि कर्जखत एकमेकांचा अर्थ सांगत असतात. ते तीन घरी गेले की तिन्ही घरी मुके होतात. आहे त्याच क्रमाने प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, पूर्ण संच सर्व भावांना द्यावा आणि मूळ कागद एकाच घरी ठेवावेत. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी मुळीच लावू नये, कारण ती पुढे कागदासकटच निघते. जुन्या पोथ्यांप्रमाणे सुती कापडात, वेखंडाचा तुकडा घालून, कोरड्या जागी बांधून ठेवावे. छायाचित्रांमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत, बॉलपेनने नको. भाऊबंदकीचे दावे निघाले तर ते ‘घराची अब्रू’ म्हणून फाडू नयेत. घराचा इतिहास त्यांतही असतो.

वाचनासाठी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना 1910) आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय यांच्याकडे चौकशी करता येईल. संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्गही घेते. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी किती गरज भासली, हे आपण पाहिलेच. आपल्या घरातील एखादी पुतणी किंवा भाचा ही लिपी शिकला, तर त्याहून चांगला वारस कोणता?

राहिला प्रश्न नातवंडांचा. त्यांच्यावर सगळा संग्रह लादू नये. व्हिडिओ कॉलवर त्यांनीच पणजीला प्रश्न विचारावेत, ‘शाळेत का गेली नाहीस?’ असे भाबडे प्रश्नसुद्धा. आपण संकोचाने जे विचारत नाही ते मुले विचारतात. ओव्यांचा आशय जर्मन भाषेत लिहून दिला तरी काही बाटत नाही, आवाज मराठीच राहील.

प्रश्न: आमच्या घरी कोणतेच कागद उरलेले नाहीत. पूर्वजांची नावे तीर्थक्षेत्री मिळतात, हे खरे आहे काय?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर: होय. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. यात्रेला आलेल्याचे नाव, गाव, सोबतची माणसे आणि कधी कधी स्वाक्षरीही तेथे आढळते. शोध आडनावाने आणि गावाने लागतो; इंदूर सांगून उपयोग नाही, कुटुंब महाराष्ट्रातून निघाले ते मूळ गाव सांगावे लागेल. ते ठाऊक नसेल तर आधी कुलदैवत कोणते व देवदर्शनाला घरची माणसे कोठे जात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. नोंद सापडली तर आपली नोंदही तेथे करावी, आणि मुलींची नावे आग्रहाने लिहवून घ्यावीत.